खेळ चांगला होता, मग नाराजी कशाची?



विषय जाहीर झाल्यापासून मला चार-पाच फोन आले. "सर, तुम्ही आणि व्हिडिओ गेम?" विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. खेळ म्हणाल तर पत्त्यांतला बदाम सात तेवढा मला येतो, आणि त्यातही घरचे मला मुद्दाम जिंकू देतात अशी माझी शंका आहे. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यानं मला माझ्याच जुन्या वह्या उघडायला लावल्या.

माझ्या नातवानं एका गेमसाठी सव्वा वर्ष पैसे साठवले. गेमचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रोज रात्री जेवण झालं की त्या गेमच्या जाहिरातीचा दोन मिनिटांचा तुकडा बघायचा. कोणी काय म्हटलं, कुठल्या मुलाखतीत काय सांगितलं, सगळं तोंडपाठ. अखेर गेम आला. चार दिवस खेळला आणि पाचव्या दिवशी डिस्क कपाटात गेली. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं होतं. मला तर सगळं छान दिसत होतं. पाऊस पडतोय, शहर आहे, माणसं चालतायत. मी म्हटलं, "अरे, चांगला तर आहे की!" तो म्हणाला, "आजोबा, चांगला आहे हे मला पण दिसतंय. म्हणून तर जास्त राग येतोय."

पुढच्या दिवाळीत त्याची आत्तेबहीण परतूरहून आली. तिनं या गेमचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. जाताना ते सगळं यंत्र डिस्कसकट घेऊन गेली. त्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं, म्हणजे नंतर झालेल्या सुधारणा वगैरे काही तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. तोच गेम, तीच डिस्क. पोरीनं सुट्टीभर खेळून तो पूर्ण केला आणि फोनवर मला त्याची गोष्ट अर्धा तास सांगितली.

वस्तू एक, अनुभव दोन. आता वस्तूत जर फरक नाही, तर नातू ज्याच्यावर रागावला ते नेमकं होतं कुठं?

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. वाईट गेमची मोठी हवा झाली आणि तो आपटला, यात विचार करण्यासारखं फारसं नाही. नाव मोठं लक्षण खोटं, एवढं म्हणून आपण पुढं जाऊ शकतो. अडचण चांगल्या वस्तूची आहे. लग्न जमवताना मध्यस्थ सांगतो की मुलगा मोठा अधिकारी आहे. मुलगा निघतो तलाठी. आता तलाठ्याची नोकरी काही वाईट नाही, मुलगा निर्व्यसनी आहे, आईवडिलांना सांभाळतो. मध्यस्थ गप्प बसला असता तर त्याच मुलाला त्याच घरानं आनंदानं होकार दिला असता. आता मात्र प्रत्येक पोह्याच्या घासाबरोबर त्यांना तो अधिकारी दिसतो, जो तिथं बसलेलाच नाही.

हा जो "नसलेला दिसणे" प्रकार आहे, त्यावर आपल्याकडे फार बारकाईनं विचार झालेला आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी अभ्यासला असेल त्यांना आठवेल, न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. नेहमीचं उदाहरण: जमिनीवर घडा नाही. इथं जमीन दिसते हे खरंच, पण "घडा नाही" हेही एक ज्ञानच आहे. आणि ते नुसत्या जमिनीचं ज्ञान नव्हे. कारण त्या जमिनीवर हत्तीही नाही, शिवणयंत्रही नाही, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याचा अभाव असतो त्याला नैयायिक "प्रतियोगी" म्हणतात. प्रतियोगी माहीत असल्याशिवाय अभाव कळत नाही. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही त्याला घड्याचा अभाव कसा जाणवेल?

फ्रान्समध्ये सार्त्रनं १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात जवळपास हेच उदाहरण वेगळ्या वेषात दिलं. मित्राला भेटायला कॅफेत जावं, आणि तो तिथं नसावा. सगळा कॅफे माणसांनी भरलेला असतो, पण तुम्हाला दिसतं ते त्या मित्राचं नसणं. तिथं नसलेली माणसं तर कोट्यवधी असतात, पण तुम्ही वाट बघत होता ती एकाचीच.

आता नातवाकडे या. जाहिरात करते काय? ती प्रतियोगी पुरवते. सव्वा वर्ष रोज रात्री दोन-दोन मिनिटं ती एक घडा घडवत होती. गेम आला तेव्हा नातवाच्या समोर जमीन होती आणि त्यात घड्याचा अभाव होता. नातीकडे घडाच नव्हता, त्यामुळे तिला जमीन दिसली, आणि जमीन चांगली होती. मी "चांगला आहे की" म्हणालो ते त्यानं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. तो जमिनीबद्दल बोलतच नव्हता.

जरा गाडी जाऊ द्या. मुकुंदवाडीत व्याख्यान म्हटलं की रेल्वे हा दुसरा वक्ता असतोच.

हां. तर एक तारीख सांगतो: १० डिसेंबर २०२०. त्या दिवशी द गेम अवॉर्ड्स हा या धंद्यातला मोठा पुरस्कार सोहळा झाला. आपल्याकडे ११ तारखेची पहाट होती. त्याच १० तारखेला सायबरपंक २०७७ हा गेम जगभर विक्रीला आला. सोहळ्यात नो मॅन्स स्काय या गेमला पुरस्कार मिळाला. आणि पदार्पणातल्या उत्तम गेमच्या नामांकनात आपल्या पुण्याचा एक गेम होता, राजी. एका दिवसात तीन गेम, आणि तिघांची नाराजी तीन जातींची.

नो मॅन्स स्काय इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये पहिली झलक दिसली. १८ वर १८ शून्यं इतके ग्रह, सगळे गणितातून उगवणारे, कुठल्याही ग्रहावर उतरा. कंपनीचे प्रमुख शॉन मरे मुलाखतींतून बोलत गेले आणि लोक त्यात आपापली स्वप्नं भरत गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला. पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. केवढा प्रसंग आहे बघा! दोघंही तिथं आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचा अभाव दिसतोय. न्यायशास्त्राच्या वर्गात मला असं उदाहरण कधी सापडलं नव्हतं.

तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रकांकडेही गेल्या. त्यांनी स्टीम या दुकानावरचं गेमचं पान तपासलं आणि २०१६ च्या नोव्हेंबरअखेर ते दिशाभूल करणारं नाही असा निर्णय दिला. नियंत्रक पानावर काय लिहिलंय आणि काय दाखवलंय ते बघतात. घडा मात्र मुलाखतींत घडला होता.

पण या गेमचा अभाव हा वैशेषिकांच्या भाषेत प्रागभाव ठरला. प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचं तिचं नसणं. मातीत घडा अजून नाही, होणार आहे. मरे यांनी बोलणं जवळजवळ थांबवलं आणि त्यांची माणसं काम करत राहिली. जुलै २०१८ च्या सुधारणेत खेळाडू एकमेकांना खऱ्या अर्थानं भेटू लागले. २०२० चा तो पुरस्कार सतत वाढत राहिलेल्या उत्तम गेमचा होता. प्रागभावाची व्याख्याच अशी की तो अनादी असतो, पण त्याला अंत असतो. अर्थात ज्यानं २०१६ मध्ये पूर्ण किंमत मोजली त्याला हे सांगून बघा. तो म्हणेल, सर, मी २०१६ मध्ये खेळायला घेतला होता, पिढ्यांसाठी झाड लावायला नव्हे.

झाडावरून आठवलं. पीटर मॉलिन्यू नावाचे ब्रिटिश गेमकार आहेत. त्यांच्या फेबल या गेमबद्दल त्यांनी सांगितलं होतं की ओकचं बी पेराल तर काळ सरेल तसं त्याचं झाड होईल. २००४ मध्ये गेम आला, लोकांना आवडला, झाड काही उगवलं नाही. त्याच वर्षी त्यांनी जाहीर माफी मागितली. आम्ही ते करून पाहिलं होतं, पण प्रोसेसरचा फार वेळ खात होतं म्हणून काढलं, असा खुलासा केला. विल राइट यांच्या स्पोअरचंही तसंच. २००५ च्या सादरीकरणात पाण्याखालचं जीवन होतं, २००८ मध्ये आलेल्या गेममधून तो टप्पा गळालेला होता. हा प्रध्वंसाभाव. घडा होता, फुटला. ही नाराजी मला सगळ्यांत समजण्यासारखी वाटते, कारण लोकांनी ती गोष्ट कल्पनेत नव्हे, डोळ्यांनी पाहिलेली असते.

आता राजी. या गेमसाठी मला इथं जरा जास्त थांबायचं आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी तो केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला आणि लक्ष्य गाठता आलं नाही. तिथला नियम कडक आहे, लक्ष्य पुरं झालं नाही तर एक पैसाही मिळत नाही. तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. गोष्ट एका सर्कशीतल्या मुलीची. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. मधली कथा बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडते, भिंतींवर पहाडी शैलीच्या चित्रांची आठवण होते, वाडे-किल्ले राजस्थानी वळणाचे. मी नातवाच्या शेजारी बसून पाहिला आणि एका ठिकाणी त्याला म्हटलं, थांब, पुढं जाऊ नकोस, मला ती भिंत बघू दे.

टीकाकारांनी याचं सगळं कौतुक केलं, आणि पुढं "पण" आलं. लढाई बोजड आहे. पाच-सहा तासांत संपतो. शेवट अचानक येतो, गोष्ट अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते. या तक्रारी खोट्या नाहीत. शेवटाची तर अगदीच रास्त आहे. कथा सांगणाऱ्यानं कथा संपवली पाहिजे, मग तो पुण्याचा असो की परग्रहावरचा. नंतर २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाज आले, बरंच काही नीट केलं गेलं.

पण या "पण"मध्ये आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. गेम येण्याआधीपासून त्याची तुलना गॉड ऑफ वॉर आणि प्रिन्स ऑफ पर्शियाशी चालली होती. बनवणाऱ्यांनीही आपल्या प्रेरणा लपवल्या नव्हत्या. मग आपल्या लोकांनी त्यात स्वतःची भर घातली: आता भारताचाही गॉड ऑफ वॉर येणार. शेकडो माणसं, अफाट पैसा आणि अनेक वर्षं यांतून जो गेम निघतो, तो प्रतियोगी पुण्यातल्या मूठभर माणसांच्या कामावर ठेवला गेला. याला अन्योन्याभाव म्हणतात. घडा म्हणजे कापड नव्हे. हा अभाव कधी संपत नाही, कारण तो भरून निघणारा नसतोच. घड्यात कितीही सुधारणा करा, त्याचं कापड होत नाही.

आणि इथं मला आपल्या स्वभावाबद्दल एक बोलायचंय. आपल्याकडचं काही चांगलं निघालं की आपण ते आहे तसं बघतच नाही. लगेच "आपला अमुक", "भारताचा तमुक". हे प्रेमातून होतं, मान्य. पण या प्रेमाचा भार त्या वस्तूला पेलवत नाही आणि मग तेच प्रेम पहिल्या आठवड्यात दगड घेऊन उभं राहतं.

फौजी हा गेम आठवतो का? २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि ४ तारखेला अक्षयकुमारनं फौजीची घोषणा केली. वेळच अशी होती की पबजीची रिकामी झालेली जागा हाच प्रतियोगी झाला. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला तेव्हा त्यात होती गलवानची कथा आणि हातापायीची लढाई, बंदुका नाहीत. गलवानच्या घटनेशी ते खरं तर इमानदार होतं. पण लोक मैदानात शंभर जणांत उतरायला आले होते. हा गेम चांगला होता असा माझा दावा नाही. नाराजी किती लवकर आणि कुठून तयार होते याचा तो नमुना आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या इंडसचं वजन याहून पुष्कळ जास्त. भारतीय भविष्यकल्पनेवर आधारलेला, जिंकण्याची एक दुसरी वाटही देणारा. एक कोटीहून जास्त लोकांनी आधी नावं नोंदवली, १६ ऑक्टोबर २०२४ ला तो आला. नाव नोंदवायला काही पडत नाही, म्हणून तो आकडा उत्सुकतेचा आहे, पसंतीचा नव्हे. आकडा छापला की मात्र तोच माप होऊन बसतो.

आतापर्यंत मी सगळा दोष नाराज होणाऱ्यांवर टाकतोय असं वाटत असेल, तर थांबा. मीमांसकांनी एक अट घातली होती, योग्यतेची. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून खांबावर पिशाच नाही असंही सिद्ध होत नाही, कारण ते असतं तरी दिसणारं नव्हतं. जे असतं तर दिसलं असतं, त्याच्याच न दिसण्याला पुराव्याचं मोल. मी ही अट थोडी वाकवून घेतो. जे खरंच सांगितलं गेलं होतं, तेवढ्याच्याच नसण्यावर तक्रार उभी राहते. आपण मनानं घातलेल्याच्या नसण्यावर नाही. पण जिथं सांगितलं गेलं होतं तिथं ती पूर्ण उभी राहते, आणि "गेम चांगला आहे की" हे तिचं उत्तर होऊ शकत नाही.

सायबरपंकचा खटला असा आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २०१२ मध्ये घोषणा केली, २०१९ मध्ये कियानू रीव्हजला व्यासपीठावर आणलं. विक्रीआधीच ८० लाख प्रतींची मागणी नोंदली गेली. चांगल्या संगणकावर गेम देखणा होता, कथा तर आजही वाखाणली जाते. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर मात्र तो अडखळत होता, बंद पडत होता. आणि समीक्षकांना आधी देण्यात आली ती संगणकावरची प्रत. आठवड्याभरात सोनीनं गेम दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले. तो परत यायला जून २०२१ उजाडलं. २०२३ च्या सप्टेंबरमधल्या मोठ्या सुधारणेनंतर आज लोक त्याला उत्तम म्हणतात.

आपल्या भागात मोसंबीची बाग उक्ती घेतात. फळ तोडायच्या कितीतरी आधी व्यापारी सौदा करतो. म्हणजे आगाऊ मागणी नोंदवणं आपल्याला नवं नाही. पण तो व्यापारी बागेत फिरतो. झाडं बघतो, फांदी वाकवून बघतो, विहिरीत पाणी किती ते विचारतो, आणि मगच इसार देतो. पुढं गारपीट झाली तर जोखीम त्याची, ती त्यानं उघड्या डोळ्यांनी घेतलेली असते. सायबरपंकमध्ये विहिरीवरची बाग दाखवली गेली आणि कोरडवाहू बाग गळ्यात मारली गेली. दोन्ही मोसंबीच. दोन्हींचा मालक एकच. ज्याच्या पदरी कोरडवाहू आली त्याला "मोसंबी मुळात गोड असते" हे सांगणं म्हणजे थट्टा आहे.

म्हणून मी नातवाला दोन कागद करायला सांगितले. एकावर, त्या कंपनीनं स्वतःच्या तोंडानं काय सांगितलं होतं. दुसऱ्यावर, तुला काय वाटलं होतं. पहिला कागद अर्धा भरला. दुसरा दोन्ही बाजूंनी. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "पण आजोबा, हा पहिला अर्धा कागदसुद्धा खोटा निघालाय ना?" हो, निघाला होता. तिथं माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, आणि मी बोललोही नाही.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून प्रश्न आला: "सर, मी चिकलठाण्याला कंपनीत आहे. रात्री आम्ही तिघं मित्र मिळून एक गेम बनवतोय. तुमचं ऐकून असं वाटतंय की गाजावाजा करूच नये. पण केला नाही तर आमचा गेम बघणार कोण?")

बरोबर विचारलंत. राजीच्या बाबतीत मी हेच म्हणायला हवं होतं, निसटलं. मोठ्या कंपनीची हवा ही नफ्यासाठी असते, छोट्याची जगण्यासाठी. लोकांनी आधी विश्वास टाकला नाही तर घडा भाजायला भट्टीच पेटत नाही. तेव्हा गप्प बसा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की काय आहे ते सांगताना काय नाही तेही तुम्हीच आधी सांगा. पाच तासांचा असेल तर पाच तासांचा आहे असं लिहा. ज्या साध्या फोनवर तो खेळला जाणार, त्याच फोनवर तो दाखवा.

("मग सर, कोणी घेईल का?")

कमी लोक घेतील. किती कमी, ते मला माहीत नाही, आणि त्यावर तुमच्या तिघांच्या रात्री अवलंबून आहेत हे मला कळतंय. चहा बाहेर ठेवलाय. तुमचा गेम फोनवर असेल तर दाखवा मला. फक्त काय दिसणार आहे ते आधी सांगू नका.